कम्युनिटी कॉलेजात पहिल्या सत्राला कुठला कोर्स? प्लेसमेंटबद्दल सगळं इथे

खडू_फळा

जून उजाडला की फॉल म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या सत्राच्या प्रवेशाचे तेच प्रश्न पाच-सहा धाग्यांत विखुरतात आणि कॅलिफोर्नियाचं उत्तर टेक्सासच्या माणसाला चिकटतं. म्हणून अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांच्या, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांच्या, प्लेसमेंटपुरता (नोकरीच्या नव्हे, पहिल्या कोर्सच्या) हा वेगळा धागा. फी आणि व्हिसाचे धागे आहेतच. इथे एवढंच बघू: नाव नोंदवल्यावर गणिताचा आणि इंग्रजीचा पहिला कोर्स कुठला मिळतो, तो कोण ठरवतं, आणि त्यातलं आपल्या हातात किती आहे.

कम्युनिटी कॉलेजात प्रवेश जवळपास कुणालाही मिळतो. चाळणी दारात नसते, आत असते. पूर्वी ती चाळणी म्हणजे एक संगणकावरची परीक्षा. तीत कमी पडलात की बेरीज-वजाबाकीपासून सुरू होणारे रेमेडियल कोर्स, ज्यांचे युनिट (क्रेडिट) पदवीत धरत नाहीत. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधलं कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटर आहे, त्यांच्या २०१२ च्या अभ्यासांत दिसलं की या परीक्षांमुळे गणितात सुमारे चारातला एक आणि इंग्रजीत तिनातला एक विद्यार्थी अगदीच चुकीच्या पायरीवर जातो, आणि त्यातले बहुतेक जण गरजेपेक्षा खाली टाकले जातात. तेव्हापासून एकेक राज्य परीक्षेवरून शाळेच्या गुणांकडे सरकत गेलं. खूप वापरली जाणारी कंपास ही परीक्षा तर एसीटी या परीक्षा घेणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये बंदच केली.

पण सगळी राज्यं सारखी सरकलेली नाहीत. त्यामुळे कुठलाही प्रश्न विचारताना आधी राज्य लिहा, मग विद्यार्थ्याचं शेवटचं शिक्षण कुठे झालं ते, मग पुढे काय करायचंय ते. ही तीन वाक्यं नसतील तर उत्तर देणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

कॅलिफोर्नियापासून सुरुवात करतो. तिथला एबी ७०५ हा कायदा १ जानेवारी २०१८ पासून लागू झाला आणि २०१९ च्या फॉलपर्यंत सगळ्या कॉलेजांना तो पाळावा लागला. आता तिथे इंग्रजी-गणितासाठी प्लेसमेंटची परीक्षा नाही. हायस्कूलचा जीपीए (चाराच्या पट्टीवरची गुणांची सरासरी) बघतात. राज्याने घालून दिलेले मूळ निकष असे: इंग्रजीला २.६ किंवा जास्त असेल तर थेट ट्रान्सफर पातळीचा, म्हणजे पुढे विद्यापीठात धरला जाणारा, कोर्स, १.९ ते २.६ मध्ये तोच कोर्स अधिक मदतीचा वर्ग सुचवतात, त्याखाली मदतीचा वर्ग आग्रहाने सुचवतात. संख्याशास्त्राला हेच आकडे ३.० आणि २.३. कॅल्क्युलसकडे जाणाऱ्या गणिताला तेव्हा ३.४, किंवा २.६ अधिक शाळेत कॅल्क्युलस घेतलेलं असणं. नीट बघा: तळाच्या गटालाही कोर्स तोच मिळतो, बदलतो तो फक्त सोबतचा टेकू.

सहज_विचारलं

छान धागा. माझा प्रश्न तुमच्या तीन वाक्यांत: कॅलिफोर्निया, बे एरिया. भाचा महाराष्ट्र बोर्डातून बारावी सायन्स, गणितात ७१, एकूण ६८ टक्के. कम्प्युटर सायन्स घेऊन दोन वर्षांनी यूसीत (कॅलिफोर्निया विद्यापीठात) जायचंय. अर्जात जीपीए विचारलाय, तिथे काय भरायचं? आणि ताई म्हणते, त्याला एखादी पायरी खालीच घालू दे, पाया पक्का होईल. बरोबर आहे का?

आकडेमोड

जीपीएचं आधी. ६८ ला २५ ने भागून २.७२ लिहू नका. हा हिशोब आपल्याकडे सर्रास करतात आणि तो साफ चुकीचा आहे. आपल्या बोर्डात साठाला पहिला वर्ग. अमेरिकन शाळेत साठ म्हणजे काठावर पास किंवा नापास. दोन्ही पट्ट्या एकच समजून सरळ भागाकार केला की मुलगा स्वतःच स्वतःला एक गट खाली ढकलतो. काही जण उलट करतात, दहाच्या पट्टीवरचा ९.२ सीजीपीए चाराच्या पट्टीवरच्या रकान्यात कोंबायला बघतात.

सीसीसीअप्लाय या सामाईक अर्जातला तो रकाना अमेरिकन हायस्कूलसाठी आहे, चाराच्या पट्टीवरचा, वेटेड नसलेला (अवघड कोर्सचे जादा गुण न धरलेला) जीपीए. ज्यांचं हायस्कूल अमेरिकेत झालेलं नाही त्यांच्यासाठी कॉलेजांकडे गायडेड सेल्फ-प्लेसमेंट नावाची प्रश्नावली असते. शेवटचं गणित कुठलं केलं, किती गुण होते, कुठली प्रकरणं येतात, कुठल्या शाखेला जायचंय असं विचारतात आणि शेवटी कोर्स सुचवतात. ती परीक्षा नाही, तीत उदाहरणं सोडवून गुण मिळवायचे नसतात. तिथे प्रामाणिक राहायचं, पण विनय दाखवायचा नाही. 'मला कॅल्क्युलस थोडंसं येतं' असं लिहिणारा आपला मुलगा पुष्कळदा वर्गातल्या निम्म्या मुलांपेक्षा जास्त शिकलेला असतो.

बारावीच्या गणिताच्या दुसऱ्या भागात डिफरन्सिएशन, त्याची उपयोजनं, इनडेफिनिट आणि डेफिनिट इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन्स आहेत. लिमिट्स आणि कन्टिन्युइटी अकरावीत. म्हणजे कॅल्क्युलस १ चा जवळजवळ सगळा भाग आणि २ चा बराचसा. नसतं ते अनंत श्रेणींचं अभिसरण, टेलर श्रेणी आणि सिद्धान्त शब्दांत समजावून लिहायची सवय. तेव्हा ७१ गुणांच्या मुलाने कॅल्क्युलस १ ला बसावं. २ ला उडी मारू नये, प्रीकॅल्क्युलसलाही जाऊ नये.

खडू_फळा

ताईंच्या 'पाया पक्का' वर मला सविस्तर लिहायचंय, कारण आपल्या लोकांचं इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

आपल्या शाळेत पुढचा वर्ग आपोआप येतो, त्यामुळे एक वर्ष खाली बसणं म्हणजे फक्त एक वर्ष जास्त, असं वाटतं. कॉलेजात प्रत्येक पायरीला पास व्हावं लागतं आणि पास झाल्यावर पुढच्या सत्राला पुन्हा नाव नोंदवावं लागतं. उदाहरणापुरतं धरू की दर पायरीला शंभरातले ऐंशी पास होतात आणि पास झालेल्यांतले ऐंशी टक्के पुढच्या कोर्सला नाव घालतात. उरलेले सोडतात: कुणाची नोकरीची वेळ बदलते, कुणाचं घर बदलतं, कुणाला सोयीच्या वेळेचा वर्ग मिळत नाही. तीन पायऱ्यांची साखळी असेल तर १०० चे ८०, मग ६४, ५१, ४१ आणि शेवटी ३३. कुणीही फारसं नापास न होता दोन-तृतीयांश वर्ग गळाला. हे गणित समजल्यामुळेच राज्यांनी साखळ्या तोडल्या.

शिवाय खालच्या कोर्सचे युनिट पदवीला धरत नाहीत आणि फी मात्र तेवढीच. पेल ग्रँटवर (केंद्र सरकारच्या गरजूंसाठीच्या अनुदानावर) असलेल्यांना रेमेडियलच्या ३० क्रेडिटनंतर त्या कोर्सांसाठी मदत मिळत नाही. भाच्याचा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) असेल तर सत्राला १२ युनिट भरावे लागतात, आणि कम्प्युटर सायन्सचे पुढचे कोर्स, फिजिक्स, सगळं कॅल्क्युलसवर अडलेलं असतं. एक पायरी खाली म्हणजे पूर्ण वेळापत्रक एक सत्र मागे.

पाया कच्चा असेल तर तो त्याच सत्रात, सोबतच्या मदतीच्या वर्गात भरायचा. कोरिक्विझिट म्हणतात तो हाच. मूळ कोर्स सुरू असताना आठवड्याला एक-दोन तास जास्तीचे, पुष्कळदा त्याच शिक्षकाकडे. या आठवड्यात चेन रूल आहे ना, मग फंक्शनचं कॉम्पोझिशन याच आठवड्यात घोटून घेतात. सहा महिने आधी शिकवलेलं कॉम्पोझिशन चेन रूल येईपर्यंत कुणाला आठवतंय?

निळावंती

थोडा विरोध नोंदवते. इंग्रजी आणि संख्याशास्त्राबाबत तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. कॅल्क्युलसबाबत सरसकट मान्य नाही. एबी ७०५ च्या पुढच्या एबी १७०५ या कायद्यानंतर, २०२५ च्या फॉलपासून, कॅल्क्युलस लागणाऱ्या शाखांच्या मुलांना थेट कॅल्क्युलसला घालणं हाच तिथला पायंडा झालाय. ज्याने शाळेत त्रिकोणमितीला हात लावलेला नाही त्याला दोन युनिटचा मदतवर्ग पुरत नाही. लिमिट समजतं, डेरिव्हेटिव्हची व्याख्या समजते, पण त्यानंतरचं बीजगणित हातून सुटत नाही. कॅल्क्युलसच्या पेपरात गुण जातात ते कॅल्क्युलसमुळे नव्हे, अपूर्णांकांच्या सरळरूपामुळे.

कॉमर्स किंवा आर्ट्स करून आलेल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. आर्ट्सवाल्याचं गणित दहावीलाच सुटलेलं असू शकतं. त्याला समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र घ्यायचं असेल तर सहसा संख्याशास्त्राचा कोर्स पुरतो, कॅल्क्युलसच्या वाटेला जायचंच कारण नाही. पण अर्थशास्त्र किंवा बिझनेस घेऊन यूसीत जायचं असेल तर कॅल्क्युलस लागतं, आणि अशा मुलाने काही ठिकाणी शिल्लक असलेला एका सत्राचा पूर्वतयारी कोर्स घेणं शहाणपणाचं.

आकडेमोड

मान्य. म्हणून शाखा आधी, पायरी नंतर. काउन्सेलरकडे जाताना 'गणित कुठलं घेऊ' असं विचारू नये. 'मला अमुक विद्यापीठात अमुक विषयात जायचंय, तिथे कुठलं गणित मागतात' असं विचारावं. कॅलिफोर्नियात असिस्ट डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर कॉलेज आणि विद्यापीठ निवडलं की विषयवार यादी मिळते, तिचा छापील कागद घेऊनच जा.

बे एरियातली आणखी एक गोष्ट: डी अँझा आणि फूटहिल ही क्वार्टर पद्धतीची कॉलेजं आहेत. डी अँझात कॅल्क्युलसची मालिका १ए ते १डी अशी चार क्वार्टरांत आहे, सेमिस्टरवाल्या कॉलेजांत ती सहसा तीन सेमिस्टरांत. मध्येच कॉलेज बदललं तर तुकडे जुळत नाहीत. एकदा सुरू केली की मालिका एकाच ठिकाणी संपवा.

इंग्रजीच्या कोर्सचा क्रमांक आता कॅलिफोर्नियाभर सारखा होतोय, इंग्लिश सी१००० आणि संख्याशास्त्राचा स्टॅट सी१०००. जुन्या धाग्यांतले १ए वगैरे क्रमांक शोधत बसू नका.

फ्रिस्कोकर

टेक्सासचं मी लिहितो. इकडे परीक्षा अजून आहे. टीएसआयए२ म्हणतात, जानेवारी २०२१ पासून ही दुसरी आवृत्ती चालू आहे. कॉलिन काय, डॅलस कॉलेज काय, नियम राज्याचा, त्यामुळे कटऑफ सगळीकडे एकच.

गणितात २० प्रश्न, गुण ९१० ते ९९० च्या पट्टीवर. ९५० आले की पार. त्याखाली आले की संगणक तिथेच ४८ प्रश्नांच्या डायग्नॉस्टिकला (कच्चे भाग शोधणाऱ्या चाचणीला) नेतो आणि त्यात पातळी ६ आली तरी पार. ही दुसरी संधी आहे हे पोरांना ठाऊक नसतं. पडद्यावर नवा भाग उघडला की 'गेलं' म्हणून पुढचे ४८ प्रश्न टिचक्या मारत संपवतात. तिथे सावकाश बसायचं. वेळेचं बंधन नाही.

इंग्रजीत वाचन-लेखन एकत्र, ३० प्रश्न, वर निबंध. ९४५ आणि निबंधात ८ पैकी किमान ५. प्रश्नांत ९४५ खाली आले तर डायग्नॉस्टिकमध्ये ५ किंवा ६ लागतात, निबंधात ५ तरीही हवेतच. म्हणजे निबंधाला पळवाट नाही.

परीक्षेआधी प्री-असेसमेंट ॲक्टिव्हिटी पूर्ण करणं सक्तीचं आहे, साधारण माहिती आणि नमुना प्रश्न असतात. ती केल्याचा पुरावा नसेल तर परीक्षा केंद्रावरून परत पाठवतात. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात हे कळलं की वर्ग भरलेले असतात.

सूट कुणाला: सॅटमध्ये इंग्रजीला ४८० आणि गणिताला ५३०, विषयवार वेगवेगळी धरतात, गुण पाच वर्षं चालतात. दुसरी सूट फार कुणाला माहीत नसते: ४२ क्रेडिटच्या आतल्या लेव्हल-वन सर्टिफिकेटला टीएसआय, म्हणजे या परीक्षेची अट, लागतच नाही. एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असलेल्या ज्या मंडळींना छोटं बुककीपिंगचं किंवा मेडिकल कोडिंगचं सर्टिफिकेट करायचंय, त्यांनी परीक्षेच्या धास्तीने थांबू नये. आधी त्या सर्टिफिकेटची पातळी विचारा.

एडिसनचा_भाऊ

न्यू जर्सीकडे बऱ्याच ठिकाणी अजून ॲक्युप्लेसर चालते. कॉलेज बोर्डाची परीक्षा, गुण २०० ते ३००. गणिताचे तीन वेगळे पेपर आहेत: अंकगणित, मग क्वांटिटेटिव्ह-अल्जेब्रा-स्टॅटिस्टिक्स, मग ॲडव्हान्स्ड अल्जेब्रा, प्रत्येकी २० प्रश्न. पुष्कळ कॉलेजं मधल्यापासून सुरू करतात आणि गुण बघून वर किंवा खाली नेतात. म्हणून सुरुवातीचेच प्रश्न महत्त्वाचे. परीक्षा ॲडॅप्टिव्ह आहे, म्हणजे उत्तरानुसार पुढचा प्रश्न बदलतो, आणि उत्तर दिलं की मागे जाता येत नाही. 'आधी सोपे सोडवू, अवघड शेवटी' ही बोर्डाच्या पेपरची सवय इथे चालत नाही.

कॅल्क्युलेटर स्वतःचा नेता येत नाही. काही प्रश्नांना पडद्यावर चिन्ह येतं, तेवढ्यालाच तो वापरायचा.

वाचन २० प्रश्न, लेखन २५. राइटप्लेसर निबंध ३०० ते ६०० शब्दांचा, तपासतो संगणक, आणि जवळपास लगेच गुण देतो. एक छोटा उतारा, मग प्रश्न: तुमचं मत काय? आपल्या मुलांचा घोळ ठरलेला असतो. 'प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात' छाप मांडणी. फायदे, तोटे, आणि शेवटी 'थोडक्यात दोन्ही योग्य'. इथे बाजू घ्यावी लागते. पहिल्या परिच्छेदात मत, मग दोन कारणं, प्रत्येक कारणाला एक ठोस उदाहरण, मग विरुद्ध मताला एका परिच्छेदात उत्तर. ३०० च्या खाली थांबलात तर मजकूर कितीही चांगला असो, गुण खाली येतात. विषय सोडून पाठ केलेला निबंध उतरवला तर शून्य. स्पेलचेक नसतो, तेव्हा शेवटची दहा मिनिटं वाचायला ठेवा.

सहज_विचारलं

फारच उपयोगी. आमच्या ओळखीत वॉशिंग्टन राज्यात एकीला अलेक्स ही गणिताची प्लेसमेंट परीक्षा द्यायची आहे. ती घरून देता येते म्हणे. मग सोपीच की?

आकडेमोड

सोपी वाटते तिथेच फसवते.

अलेक्स पीपीएल (तिचं पूर्ण नाव हेच) मॅकग्रॉ हिल या कंपनीची. जास्तीत जास्त ३० प्रश्न, गुण ० ते १००. पर्याय नसतात, उत्तर स्वतः टाइप करायचं किंवा पडद्यावर आलेख काढायचा. कॅल्क्युलससाठी साधारण ७५ ते ८० च्या आसपास मागतात, पण हा आकडा प्रत्येक कॉलेजचा वेगळा, आपल्या कॉलेजचा बघून घ्या.

पहिल्या प्रयत्नावरून ती तुमच्यासाठी प्रेप मॉड्यूल बनवते: काय येतं, काय येत नाही, आणि त्यातलं शिकायला तुम्ही तयार आहात ते कुठलं. पहिला प्रयत्न बाबांनी सोडवून दिला, किंवा फोनवर फोटो काढून उत्तरं शोधली, तर मॉड्यूल समजतं की यांना लॉगॅरिदम येतात. मग ते लॉगॅरिदमच्या पुढचं शिकवत बसतं आणि जिथे खरी गळती आहे तो भाग कधी समोर येतच नाही. पुढचा प्रयत्न कॅमेऱ्यासमोर, लॉकडाउन ब्राउझरमध्ये असतो. तेव्हा पोल उघडते, आणि तोवर मॉड्यूलचे आठवडे वाया गेलेले असतात.

पुन्हा देता येते, पण बऱ्याच कॉलेजांत दोन प्रयत्नांत ४८ तासांचं अंतर आणि मॉड्यूलवर किमान काही तास काम ही अट असते. म्हणजे सोमवारी नोंदणी बंद होणार असेल तर शनिवारी पहिली परीक्षा देऊन काही उपयोग नाही.

येत नसेल तिथे 'मला माहीत नाही' हे बटण आहे, ते दाबा. अंदाजाने टाकलेलं उत्तर चुकून बरोबर आलं तर पुढचा प्रश्न आणखी वरचा येतो.

आता महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांसाठी खास. आपल्या बारावीच्या कॅल्क्युलसमध्ये नुसतं लॉग लिहिलं की पाया ई धरतात. अलेक्समध्ये नुसतं लॉग म्हणजे पाया १०, आणि ई साठी एलएन. एवढ्या एका गोष्टीने मुलांची तीन-चार उत्तरं चुकतात आणि त्यांना वाटतं आपल्याला लॉगॅरिदमच येत नाहीत. कोसेक इथे तीन अक्षरांत, सीएससी असं लिहितात. रेषेचं समीकरण वाय = एमएक्स + सी नाही, + बी. समलंब चौकोनाला आपण ट्रॅपेझियम म्हणतो, इथे तो ट्रॅपेझॉइड. उत्तर इंटरव्हलमध्ये मागतात तेव्हा गोल कंस आणि चौकोनी कंस यातला फरक उत्तर चुकवतो. फूट, इंच, गॅलन यांची रूपांतरं एकदा नजरेखालून घाला. हे गणित नव्हे, नुसती लिपी आहे, दोन संध्याकाळी पुरतात.

निळावंती

ज्यांच्याविषयी इथे कमी बोललं जातं त्यांच्याबद्दल थोडं: तिकडे पदवी झालेल्या, एच-४ वर आलेल्या बायका.

पहिली अडचण नावाची. दहावी-बारावीची मार्कशीट माहेरच्या नावाने, तीही आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्ट सासरच्या नावाने. कॉलेजच्या संगणकाला या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात, कागद एका फाइलला लागतो आणि परीक्षेचा निकाल दुसऱ्या. मग 'तुमचा शैक्षणिक पुरावा मिळालेला नाही' अशी मेल येत राहते. अर्जात पूर्वीचं नाव असा रकाना असतो, तो रिकामा ठेवू नका, आणि कागदांसोबत विवाह नोंदणीचा दाखला जोडा. परीक्षेला जाताना जे ओळखपत्र नेणार त्यावरचं आणि अर्जातलं नाव अक्षरशः एकच हवं, स्वप्नीलची वेलांटी इंग्रजीत कुठे आय तर कुठे डबल ई असली तरी अडवतात.

दुसरं, भारतातल्या पदवीचं मूल्यांकन. नेसेस या मूल्यांकन संस्थांच्या संघटनेच्या सदस्य संस्थांपैकी कुणाकडून तरी करून घ्यावं लागतं. दोन प्रकार आहेत: नुसतं पदवी कशाच्या बरोबरीची ते सांगणारं, आणि विषयवार क्रेडिट-ग्रेड देणारं. स्वस्त म्हणून पहिलं घेतात आणि मग बी.कॉम.चं संख्याशास्त्र कुठेच दिसत नाही. प्लेसमेंट किंवा प्रीरिक्विझिट (आधी पूर्ण करायचा कोर्स) माफ करून घ्यायचं असेल तर विषयवारच लागतं. विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्स्क्रिप्ट यायला महिने जातात, तेव्हा ते काम सगळ्यात आधी सुरू करा. तोवर प्लेसमेंटपुरता साध्या स्कॅनवर बरीच कॉलेजं विचार करतात.

तिसरं, ईएसएल (मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांसाठीचं इंग्रजी) की नेहमीचं इंग्रजी? मराठी माध्यमातून शिकलेल्या बऱ्याच जणी आपणहून ईएसएलच्या खालच्या पायरीला जाऊन बसतात, कारण बोलायला अडखळतात. पण प्लेसमेंट बोलण्यावर नाही, वाचन-लेखनावर आहे. वर्तमानपत्रातला लेख वाचून त्यावर एक पान लिहिता येत असेल तर ट्रान्सफर पातळीचं इंग्रजी मदतवर्गासह घ्या. नसेल तर ईएसएल ही कमीपणाची गोष्ट मुळीच नाही, आणि पेलची ३० क्रेडिटची मर्यादाही ईएसएलला लागत नाही. निव्वळ बोलण्याचा सराव हवा असेल तर कॅलिफोर्नियात नॉनक्रेडिट ईएसएल विनाशुल्क आहे. ते क्रेडिटच्या कोर्सबरोबर चालू ठेवता येतं.

सहज_विचारलं

टीओईएफएल दिली असेल तर इंग्रजीचं प्लेसमेंट लागत नाही ना?

फ्रिस्कोकर

टीओईएफएल, आयईएलटीएस प्रवेशासाठी. प्लेसमेंटला काही कॉलेजं धरतात, काही नाही. टेक्सासात टीएसआयला ती चालत नाही.

खडू_फळा

फ्लोरिडाचं राहिलं. तिथे २०१३ च्या कायद्यानंतर जी मुलं २००३-०४ किंवा त्यानंतर राज्याच्या सरकारी शाळेत नववीला दाखल झाली आणि तिथूनच डिप्लोमा घेतला, त्यांना प्लेसमेंट परीक्षाही नाही आणि रेमेडियलची सक्तीही नाही. भारतातून आलेला मुलगा या सवलतीत बसत नाही, त्याला सहसा पर्ट ही तिथली प्लेसमेंट परीक्षा किंवा दुसरी मान्य परीक्षा द्यावी लागते. शेजाऱ्याच्या मुलाला लागली नाही म्हणून आपल्याला लागणार नाही असं धरून चालू नका.

सहज_विचारलं

शेवटचा प्रश्न. भाच्याला समजा पोर्टलने प्रीकॅल्क्युलसच दाखवलं, किंवा कॅल्क्युलसच्या नावापुढे कुलूप दिसलं, तर?

आकडेमोड

मग घाबरून खालचा कोर्स घेऊन टाकू नका. कुलूप बहुतेक वेळा निर्णयामुळे नसतं, कागद न पोचल्यामुळे असतं. क्रम असा ठेवा:

आधी पोर्टलवर बारावीची मार्कशीट चढली आहे का ते बघा. दोन्ही बाजू स्कॅन करा, मागच्या बाजूला गुणपद्धतीचा खुलासा असेल तर तोही हवा. मग प्रीरिक्विझिट क्लिअरन्सचा अर्ज भरा, सोबत बारावीच्या गणिताचा अभ्यासक्रम जोडा. बोर्डाच्या संकेतस्थळावरच्या पुस्तकाची अनुक्रमणिका चालते, दोन्ही भागांची, आणि अकरावीचीही, कारण लिमिट्स तिथे आहेत. प्रकरणांची नावं इंग्रजीतच आहेत, त्यामुळे भाषांतराची भानगड नाही.

त्यावर नकार आला तर प्रीरिक्विझिट चॅलेंज. कॅलिफोर्नियात या अर्जावर पाच कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यावा लागतो. गणित विभागाकडे जातो तो, काउन्सेलरकडे नाही. अर्जात कारण एका परिच्छेदात लिहा: कुठला कोर्स हवा, तो समजायला लागणारं ज्ञान कुठल्या वर्षी कुठल्या प्रकरणात शिकला, गुण किती. 'माझा मुलगा हुशार आहे' हे वाक्य पालकांनी लिहू नये. अठरा पूर्ण असो वा नसो, अर्ज विद्यार्थ्याच्या सहीने आणि त्याच्याच कॉलेज ईमेलवरून जायला हवा. फेर्पा या विद्यार्थ्याच्या गोपनीयतेच्या कायद्यामुळे कॉलेज त्याच्या परवानगीशिवाय पालकांशी त्याच्या नोंदींबद्दल बोलत नाही.

आणि हे होईपर्यंत जागा जाऊ नये म्हणून बाकीचे १२ युनिट आधी नोंदवून ठेवा: इंग्रजी, कम्प्युटर सायन्सचा पहिला कोर्स, एखादं जनरल एज्युकेशन. एफ-१ वाल्यांनी बघायचं की त्या बारात ऑनलाइन एकापेक्षा जास्त मोजत नाहीत.

एडिसनचा_भाऊ

यात भर: वेटलिस्टला नाव घाला. पहिल्या आठवड्यात हजेरीला न आलेल्यांना शिक्षक काढतात, आणि ॲड कोड (भरलेल्या वर्गात नाव घालायचा कोड) वर्गात बसलेल्याला मिळतो, ईमेल करणाऱ्याला नाही.

सहज_विचारलं

आभार. मार्कशीट आजच स्कॅन करायला सांगतो. पुस्तकाची अनुक्रमणिका अकरावीची नवीन अभ्यासक्रमाची जोडायची की त्याने शिकली तीच?

आकडेमोड

त्याने शिकली तीच. मार्कशीटवरच्या वर्षाशी जुळली पाहिजे.